गरब्याला नऊ रात्री जाता, मग चालायला का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: "ताई, मी ४१ वर्षांची, मांजलपूरला राहते, अलकापुरीत विमा कंपनीत नोकरी. एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.० आलंय, डॉक्टर म्हणाले रोज व्यायाम करा. जिमची वर्षाची फी दोनदा भरून वाया घालवली, योगाचे ऑनलाइन क्लास लावले, पावलं मोजायचं घड्याळ घेतलं. सुरुवात जोरात होते आणि तीन आठवड्यांत सगळं सुटतं. मी मुळातच आळशी आहे. मोटिव्हेशन आणायचं कुठून आणि टिकवायचं कसं? (नवरात्रीत मात्र नऊच्या नऊ रात्री गरब्याला जाते, त्याचं काय ते समजत नाही.)"

कंसातलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. मला सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं वाटलं, तेव्हा तिथूनच सुरू करते.

मी फिजिओथेरपिस्ट. बडोद्यात सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस करते. दसऱ्यानंतरचा आठवडा म्हणजे आमचा सीझन. फाफडा-जलेबी पोटात जिरते न जिरते तोच टाच, गुडघा, कंबर धरून मंडळी हजर. त्यातले कितीतरी चेहरे माझ्या ओळखीचे असतात, कारण जून-जुलैत ह्यांनीच मला सांगितलेलं असतं की ताई, वीस मिनिटं चालणं काही जमत नाही, वेळच मिळत नाही. आणि हेच लोक साडेनऊपासून बारापर्यंत, अनवाणी, नऊ रात्री ओळीने गोल फिरून आलेले असतात. दिवसा ऑफिस, घर, मुलांच्या परीक्षा, कुणाचे उपाससुद्धा. ह्यांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हालाही नाही म्हणणार.

एका वर्षी मी वहीत लिहून काढलं की गरब्यात असं आहे तरी काय. पास महिनाभर आधी काढलेला असतो. पण पैसे गुंतले की माणूस जातोच असं म्हणावं, तर पैसे तुम्ही जिमलाही भरले होते. म्हणजे नुसते पैसे नव्हेत. वेळ ठरलेली असते आणि ती आपण ठरवलेली नसते. आरती झाली की सुरू. चणिया-चोळी दुपारीच इस्त्री होऊन पलंगावर पडलेली असते. सव्वानऊला खाली मैत्रीण स्कूटरचा हॉर्न वाजवते आणि वर बघून ओरडते, "नीकळी के नहीं?" स्वयंपाक त्या दिवशी लवकर उरकतो, नाहीतर साधी खिचडी होते आणि त्याबद्दल घरात कुणी हूं की चूं करत नाही. सासूबाई स्वतः म्हणतात, जा गं, मुलांकडे मी बघते. मैदानात पोचलात की ढोल पायांना आपोआप ओढून घेतो. नवशिकी असाल तर कुणाच्या तरी मागे लागून दोन टाळ्यांचा साधा गरबा धरता. दमलात की रिंगणाबाहेर येऊन बसता, पाणी पिता, फोटो काढता, परत आत. मध्येच बसलात म्हणून "माझा गरबा मोडला" असं बडोद्यात आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. सहाव्या रात्री तळपाय ठणकत असतात, झोप झालेली नसते, तरी संध्याकाळी पलंगावर बसून "आज मला गरब्याचं मोटिव्हेशन आहे का बरं?" असा विचार तुम्ही करत नाही. तो प्रश्नच उठत नाही. निघायची वेळ झाली की निघता.

चालण्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न तुम्ही रोज स्वतःला विचारता. दिवसभर फोन, टार्गेट, ट्रॅफिक झाल्यावर संध्याकाळी पावणेसातला विचारता. त्या वेळी त्याचं उत्तर काय येणार, ते विचारायच्या आधीच ठरलेलं आहे.

तुम्ही माझ्याकडे मोटिव्हेशन मागितलंत. मी तुम्हाला हॉर्न वाजवणारी मैत्रीण, पलंगावरचे कपडे आणि खिचडी देणार आहे. हे ऐकायला फिकं वाटतं, मला माहीत आहे. एक पेशंट तर तोंडावर म्हणाले होते, "बेन, एना माटे फी लीधी?" (ह्याच्यासाठी फी घेतलीत?) त्याच गृहस्थांना आता मी कमाटीबागेत चालताना वारंवार बघते.

ह्या शहराला हे सगळं पूर्वी चांगलं कळत होतं. माझे आजोबा दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, ते चालवणाऱ्या प्रो. माणिकरावांच्या काळात. सयाजीराव महाराजांचं राज्य होतं, तालमींना मान होता. दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश निघाला तोही ह्याच बडोद्यातून. आजोबांच्या बोलण्यात "प्रेरणा" हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. त्यांच्या बोलण्यात असायची ती हजेरी. पोरं एकाच वेळी जमायची, मोजणीवर जोर-बैठका व्हायच्या, आणि एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घराच्या ओट्यावर येऊन उभा राहायचा: काय रे, ताप आलाय का? त्या एका प्रश्नाची किंमत एसी जिमच्या फीपेक्षा जास्त आहे. जिमला तुम्ही गेला नाहीत तर जिमचं काय अडतं? जागाच मोकळी होते.

कमाटीबागेच्या म्युझियममध्ये गामा पैलवानाचा दगड ठेवलेला आहे, १९०२ मध्ये त्याने उचललेला. वजन १२०० किलो म्हणून सांगतात. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात आणि बाहेर येऊन शेंगदाणे खातात. रील बघून, मॅरेथॉन धावणाऱ्या मामेबहिणीचे फोटो बघून जो जोश येतो तो ह्याच जातीचा. खोटा नसतो, पण फाटकापर्यंतच टिकतो.

आता शास्त्राचं थोडं, कारण तुम्ही विम्यातल्या, आकडे विचाराल.

पहिली दहा वर्षं मी पेशंटला छापील कागद द्यायची. व्यायामाचे फायदे, हृदय, साखर, सांधे, सगळं चित्रांसकट. लोक कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवायचे. पुढच्या वेळी तोच कागद त्याच घडीत परत यायचा. मग २००२ सालचा एक ब्रिटिश अभ्यास वाचनात आला. विद्यार्थ्यांचे तीन गट. एकाला फारसं काही सांगितलं नाही, दुसऱ्याला हृदयरोग आणि व्यायाम ह्याबद्दलची प्रेरणा देणारी माहिती दिली, तिसऱ्याला तीच माहिती देऊन शिवाय एक वाक्य लिहायला लावलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक वारी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. पहिल्या दोन गटांत ३५ ते ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, म्हणजे प्रेरणेच्या माहितीने जवळजवळ काहीच हललं नाही. वाक्य लिहिणाऱ्यांत ९१ टक्क्यांनी केला. अभ्यास एका आठवड्याचा होता, आणि केला की नाही हे विद्यार्थ्यांनीच सांगितलेलं, तेव्हा ९१ हा आकडा मी देवळात नेऊन बसवत नाही. पण कागद छापणं मी त्या वर्षापासून बंद केलं. आता मी पेशंटला पेन देते.

तुम्ही पेन घ्या. "रोज चालणार" असं लिहू नका. तुमची वाट मला नकाशाशिवाय दिसते: अलकापुरीतून सव्वासहाला सुटणार, लालबागच्या पुलावरून मांजलपूर. घराचं दार उघडलं, पर्स खुर्चीवर टाकली, की संपलं. त्यानंतर उठून चालायला जाणारी बाई मी फार कमी बघितली आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही. घरात पाऊल टाकल्याबरोबर चार जण चार गोष्टी मागतात. म्हणून घरी पोचायच्या आधी चालायचं. स्पोर्ट्स शूज स्कूटरच्या डिकीत. लालबागची बाग वाटेत पडते, स्कूटर लावायची, बूट बदलायचे, वीस मिनिटं चालून मग घर. वाक्य असं लिहा: "सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेसहा वाजता, ऑफिसातून येताना, लालबागला." तीनच दिवस. तुम्हाला सात दिवस लिहावेसे वाटतील, ते तीन आठवड्यांत सुटतात हे तुम्हीच कळवलंय.

आणि कुणाला तरी हॉर्न वाजवायला लावा. गरब्याची मैत्रीण आहेच ना? तिला आज रात्रीच फोन करा. ती जर फक्त बुधवारीच येऊ शकत असेल तर बुधवारीच येऊ दे. माझ्याकडे येणाऱ्या दोन जावा आहेत, एक वाघोडिया रोडला, एक कारेलीबागेत. एकत्र चालणं शक्य नाही. दोघी साडेसहाला एकमेकींना फोन लावतात आणि आपापल्या गल्लीत चालत चालत सासरच्या मंडळींची यथास्थित उणीदुणी काढतात. चार वर्षं झाली. त्या दोघींच्या बीपीच्या गोळ्या कमी झाल्या की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, पण एवढं नियमित चालणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नाही.

आवडीचं काहीतरी फक्त चालतानाच ऐकायचं, ही युक्तीही चालते. २०१४ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढे काय होतं ह्याची उत्सुकता लागेल अशा गोष्टी लोकांना ऐकायला दिल्या, पण जिममध्येच. सुरुवातीला जिमला येणं ५१ टक्क्यांनी वाढलं. मग त्यांच्याकडची सणाची सुट्टी आली आणि सगळी वाढ विरघळली. हे वाचून मला हसू आलं होतं, कारण आपल्याकडे दिवाळीत हेच होतं. धनत्रयोदशीला बूट कपाटात जातात आणि देवदिवाळीपर्यंत बाहेर येत नाहीत. मग थंडी, मग लग्नं, मग उत्तरायणची पतंगबाजी, मग मुलांच्या परीक्षा.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं.

तुम्ही लिहिता, "तीन आठवड्यांत सुटतं." मी अशा प्रत्येकाला एक प्रश्न विचारते: सुटलं त्या दिवशी नक्की काय झालं होतं? आणि जवळजवळ प्रत्येक वेळी काहीतरी साधंच निघतं. मुलाला ताप, ऑफिसात मार्च एंडिंग, पाहुणे, पाऊस. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसऱ्या दिवशी "आता सोमवारपासून." सोमवारी सणवार. "आता एक तारखेपासून." व्यायाम तापामुळे सुटलेला नसतो. ताप तर दोन दिवसांत उतरला होता. परत जायची लाज वाटते म्हणून तो सुटतो. घड्याळावरची ओळीने भरलेली हिरवी वर्तुळं तुटली, आता काय अर्थ?

अर्थ आहे. २१ दिवसांत सवय लागते हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं असणार. ते एका प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून घरंगळत आलेलं आहे आणि व्यायामाशी त्याचा संबंध नव्हता. लंडनमध्ये ९६ लोकांवर खरी मोजणी झाली, २०१० साली छापून आली: सवय अंगवळणी पडायला मध्यावर बसणारा आकडा ६६ दिवस, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ पर्यंत. व्यायामासारख्या गोष्टींना पाणी पिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे तीन आठवड्यांत तुमच्या अंगवळणी पडलं नाही ह्यात विशेष काही नव्हतं. पण त्या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट दुसरीच: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही.

दुसरा एक मोठा प्रयोग २०२१ मध्ये आला. अमेरिकेतल्या एका जिम साखळीचे ६१,२९३ सभासद, आणि त्यांना जिमला आणायच्या ५४ वेगवेगळ्या युक्त्या, चार आठवडे. सगळ्यांत वर आली ती कोणती? चुकल्यानंतर परत येणाऱ्याला काही सेंटचं जास्तीचं बक्षीस. सलग येणाऱ्याला नव्हे हं, चुकून परत येणाऱ्याला. हे वाचल्यापासून मी माझ्या पेशंटच्या वहीत "किती दिवस सलग" हा रकाना खोडला आणि "किती वेळा परत आलात" असा घातला. कुणी आठ वेळा परत आलं की मी त्यांचं अभिनंदन करते. आधी लोकांना वाटायचं मी टोमणा मारते आहे.

स्वतःचं सांगते. सहा वर्षांपूर्वी आई आजारी पडली, आठ महिने मी दवाखाना आणि हॉस्पिटल ह्याशिवाय कुठे गेले नाही. लोकांना व्यायाम शिकवणारी मी, स्वतः एक सूर्यनमस्कार घातला नाही. नंतर जेव्हा परत सुरुवात करायची वेळ आली तेव्हा माझी जी चालढकल झाली ती तुम्हाला सांगितली तर तुम्ही मला प्रश्न विचारले नसतेत. नवे बूट घेऊ, मग सुरू करू. आधी वजन थोडं कमी करू, मग बागेत जाऊ. तिथे सगळे ओळखीचे, काय म्हणतील? शेवटी शेजारच्या सोसायटीतल्या एक काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, मला रस्ता ओलांडायला भीती वाटते, बागेपर्यंत सोडतेस का? सोडायला गेले. परत एकटीने यायचं तर त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत दारात. त्यांना खरंच रस्त्याची भीती वाटत होती का, हे मी अजून विचारलेलं नाही.

म्हणून तुमच्या कागदावर दुसरं वाक्य लिहा, पहिल्याच्या खाली: "चुकलं तर पुढच्या ठरलेल्या वारी, दहा मिनिटंच, पण जाणार." भरपाई करायची नाही. सोमवारचे राहिलेले वीस बुधवारी जोडून चाळीस करायचे नाहीत. तसं केलं की बुधवार जड होतो, आणि जड झालेला बुधवारही चुकतो.

आता घराचं. हे लिहायला मला थोडं अवघड जातं, कारण तुमच्या घरात कोण कोण आहे, काय चालतं, हे मला माहीत नाही. पण ह्या शहरात पुरुष व्यायाम सोडतात आणि बायका व्यायाम सोडतात ह्यांत मी फरक बघितला आहे. पुरुष पहाटे उठून निघून जातो, परत येतो तेव्हा चहा तयार असतो. बाई पहाटे उठली तर डबे आहेत, संध्याकाळी उशिरा आली तर पोळ्या आहेत. तुमचा व्यायाम जर घरातल्या कामाच्या फटीत बसवायचा असेल तर तो कधीच बसणार नाही, फट रोज बदलते. नवरात्रीत नऊ दिवस घराने जागा करून दिली, कारण तो देवीचा सण होता आणि कारण सगळे जातात. साखरेचा रिपोर्ट घराला दाखवला का तुम्ही? बऱ्याच जणी तो पर्समध्येच ठेवतात, उगाच काळजी नको म्हणून. दाखवा. आणि मदत करा असं मोघम न सांगता नेमकं मागा: सोमवार, बुधवार, शुक्रवार मी सव्वासातला घरी येणार, त्या तीन दिवशी कणीक मळून ठेवायची आणि कुकर लावायचा, तो कोण लावणार? नाव ठरलं पाहिजे. माझ्या एका पेशंटने तर तीन दिवस पोळ्या पोळीवाल्या बाईंकडून घ्यायला सुरुवात केली आणि नवऱ्याला सांगितलं, हे माझं औषध आहे, मेडिकलच्या बिलात धर.

वेग. तुमची सुरुवात "जोरात" होते असं लिहिलंय, तिथेच मला खटकलं. पहिल्याच दिवशी धाप लागेपर्यंत केलं की शरीर त्याची नोंद "नको ते" अशी करतं. स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात, पहिल्या दिवशी नव्हे, म्हणजे जिमच्या सोमवारचं बिल बुधवारी येतं, नेमकं पुढच्या वेळेच्या तोंडावर. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये; इतकाच वेग. आणि शेवटची पाच मिनिटं मुद्दाम हळू, रमत गमत, कारण शेवट कसा झाला तेच मनात जास्त राहतं. २०११ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी व्यायामाआधी लोकांना विचारलं की तुम्हाला हे किती आवडेल, आणि नंतर विचारलं की किती आवडलं. आधीचा अंदाज कमी निघाला, आणि त्याचं कारण असं की डोळ्यांपुढे सुरुवातीची कंटाळवाणी मिनिटं असतात. पहिली आठ-दहा मिनिटं मलाही नकोशीच वाटतात, आजही. दहा मिनिटांनंतर नको वाटलं तर खुशाल परत फिरा, असं मी पेशंटना सांगते. परत फिरणारे थोडेच.

पुरेसं किती? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम वेगाच्या हालचालीची १५० ते ३०० मिनिटं सांगते, आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. एका वेळी निदान दहा मिनिटं हवीत ही जुनी अट २०२० मध्ये त्यांनी काढून टाकली, तेव्हा पाच मिनिटांचा जिनासुद्धा हिशेबात धरा. दहा हजार पावलांचा आकडा मात्र डोक्यातून काढा. तो १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. डॉक्टरांनी मोजून काढलेला तो नव्हे.

तीनदा वीस म्हणजे साठच मिनिटं झाली, असं तुम्ही म्हणाल. उरलेलं बरंचसं शतपावलीतून काढू. आपल्या आज्या जे सांगत आल्या त्याला न्यूझीलंडच्या २०१६ च्या एका अभ्यासाने छान दुजोरा दिलाय. टाइप २ मधुमेह असलेले ४१ लोक होते. दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर सुमारे २२ टक्क्यांनी कमी. तुम्हाला अजून मधुमेह नाही, ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पट्टी, तुम्ही ६.० वर आहात. पण रात्री जेवून सोफ्यावर मोबाईल घेऊन बसण्याऐवजी सोसायटीत खाली दहा मिनिटं फेऱ्या मारायला कुठलाही क्लास लागत नाही. नवरा बरोबर आला तर उत्तम. नाहीतर कचरा टाकायला जाते म्हणून निघा.

ताकदीचं आता फक्त एवढंच: शनिवार-रविवार सकाळी चहा उकळेपर्यंत खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं, आणि भिंतीला हात लावून दहा जोर. महिन्याभराने मला कळवा, मग पुढचं सांगीन. चाळिशीनंतर बायकांनी हे टाळू नये, पण आज ह्याचं ओझं तुमच्या डोक्यावर टाकलं तर सोमवार जाईल.

उन्हाळा आणि पाऊस ह्यांची सोय आधीच करून ठेवा. मे महिन्यात बडोदं ४२ च्या पुढे जातं, संध्याकाळी साडेसहालाही रस्ता तव्यासारखा असतो. तेव्हा दोन महिने रात्रीची शतपावलीच मोठी करायची. पावसात विश्वामित्री फुगली की बाग काय, रस्तेसुद्धा बंद होतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्तीत आल्या होत्या. कुणी चालायला गेलं नाही म्हणून मी त्यांना बोल लावला नाही. पण जिना होता, घर होतं. त्या दिवसांसाठी कागदावर तिसरं वाक्य: "बाहेर जाता आलं नाही तर त्याच वेळी जिन्यात दहा मिनिटं." वेळ तीच ठेवा, जागा बदलली तरी.

एक इशारा, आणि ह्यात थट्टा नाही. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, ह्यांतलं काहीही झालं तर थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा, मोटिव्हेशनचा विचार करत बसायचं नाही. घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर सुरू करण्याआधीच तुमच्या डॉक्टरांना सांगा. गुडघा चालल्यावर थोडा कुरकुरला तर हरकत नाही. सुजला किंवा दुसऱ्या दिवशीही लंगडायला लागलं तर दाखवून घ्या.

घड्याळ विकू नका, पण पहिले दोन महिने ड्रॉवरमध्ये ठेवा. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर चालून आलेल्या दिवशी पेनाने फुली मारा, सगळ्यांना दिसेल अशी. चुकून परत आलात त्या दिवशी फुलीभोवती गोल काढा. वजनकाट्यावर ह्या काळात चढायचं नाही. तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करून घ्या. तो गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्याआधी करून काही कळणार नाही.

बूट आज रात्रीच डिकीत टाका, मोजे आत घालून. मोजे विसरल्यामुळे परत गेलेली माणसं मी मोजली आहेत. आणि मैत्रिणीला फोन लावला की तिला कारण वगैरे समजावून सांगत बसू नका. बुधवारी साडेसहा, लालबाग, फाटकाशी, एवढंच सांगा. ती "अत्यारथी नवरात्री नी प्रॅक्टिस?" (आत्तापासूनच नवरात्रीची प्रॅक्टिस?) असं विचारेल. हो म्हणा.